वल्लारै, ब्राह्मी आणि स्मरणशक्ती : एका वनस्पतीची शास्त्रीय परीक्षा

१. बाजारातील एक पालेभाजी

चेन्नई शहराच्या भाजीबाजारात सकाळी फेरफटका मारला, तर पालेभाज्यांच्या जुड्यांमध्ये गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची एक लहानशी जुडी दृष्टीस पडते. तमिळ भाषेत तिला ‘वल्लारै’ म्हणतात. तिची डाळीत घालून भाजी करतात, किंवा मिरची व चिंच यांबरोबर वाटून चटणी करतात. चव थोडीशी कडवट असते. तरीही शाळकरी मुलांना ती आग्रहाने वाढली जाते, कारण वल्लारै खाल्ल्याने बुद्धी तल्लख होते व पाठ केलेले लक्षात राहते, अशी तेथील घरोघरची समजूत आहे. तमिळनाडूत प्रचलित असलेल्या सिद्ध वैद्यकातही ह्या वनस्पतीला मानाचे स्थान आहे.

हीच वनस्पती कोकणात व घाटमाथ्यावर ओलसर जागी, पाटाच्या कडेने, जमिनीसरपट वाढते. आपल्याकडे तिला कारिवणा म्हणतात, आणि पुष्कळ लोक तिलाच ब्राह्मी म्हणून ओळखतात. ब्राह्मीचे तेल, ब्राह्मीचे सरबत, ब्राह्मीच्या गोळ्या ह्या वस्तू महाराष्ट्रातील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात, आणि परीक्षांचे दिवस जवळ आले की पालक त्या विकत घेतात.

ह्या समजुतीत तथ्य किती? वनस्पतीचा अर्क पोटात घेतल्याने मनुष्य अधिक चांगला शिकू शकतो काय, व शिकलेले अधिक काळ लक्षात ठेवू शकतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्या एका शब्दात देता येत नाही. परंतु उत्तर शोधण्याची रीत मात्र निश्चित आहे, आणि त्या रीतीचा एक उल्लेखनीय अध्याय मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथेच लिहिला गेला आहे. तो समजावून घेणे हा ह्या पाठाचा हेतू आहे.

२. एक नाव, दोन वनस्पती

कोणत्याही औषधाची परीक्षा करण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की, आपण नेमक्या कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत? ब्राह्मीच्या बाबतीत हा प्रश्न फारच महत्त्वाचा आहे, कारण ह्या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वनस्पती वावरत आहेत.

पहिली वनस्पती म्हणजे वल्लारै अथवा कारिवणा. संस्कृत ग्रंथांत हिला मंडूकपर्णी म्हटले आहे व वनस्पतिशास्त्रात सेंटेला एशियाटिका. ही कोथिंबीर, जिरे व गाजर यांच्या कुळातील आहे. तिचे खोड जमिनीवर पसरते, पेरापेरांतून मुळे फुटतात, आणि लांब देठाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराचे पान असते.

दुसरी वनस्पती म्हणजे जलब्राह्मी अथवा नीरब्राह्मी. तमिळ भाषेतही हिला ‘नीर्पिरम्मी’ असेच म्हणतात. वनस्पतिशास्त्रात हिचे नाव बाकोपा मोनिएरी. ही दलदलीत व पाणथळ जागी वाढते. तिची पाने लहान, मांसल व समोरासमोर असतात. फुले पांढरट किंवा फिकट निळी असतात, आणि चव अतिशय कडू असते.

केरळात ब्राह्मी म्हटले म्हणजे बाकोपा समजतात. उत्तर भारतात व महाराष्ट्रात पुष्कळदा मंडूकपर्णी समजतात. दोहोंतील रासायनिक घटकही निराळे आहेत. मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड व मॅडेकॅसोसाइड ही द्रव्ये असतात. बाकोपात बॅकोसाइड नावाची द्रव्ये असतात. म्हणून ‘ब्राह्मीने गुण आला’ असे कोणी सांगितले, तर शास्त्रज्ञ प्रथम विचारील, ‘कोणत्या ब्राह्मीने?’ एका वनस्पतीवर झालेल्या प्रयोगाचा दाखला दुसऱ्या वनस्पतीच्या बाटलीवर चिकटविता येत नाही.

३. जुने ज्ञान आणि नवी कसोटी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी वाढविणारी चार औषधे सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही ती होत. ह्यांस ‘मेध्य रसायने’ अशी संज्ञा आहे. प्राचीन वैद्यांनी ही निवड दीर्घ निरीक्षणावरून केली असली पाहिजे. निरीक्षण हा ज्ञानाचा आरंभ होय. तथापि तो ज्ञानाचा शेवट नव्हे. निरीक्षणातून सुचलेली गोष्ट खरी आहे किंवा नाही, हे स्वतंत्र कसोटीवर ताडून पाहावे लागते.

दक्षिणेत ह्या विचाराची परंपरा जुनी आहे. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘धन्वंतरी महाल’ नावाची संस्था उभारून देशी औषधांचा अभ्यास चालविला होता. पुढे १९२१ साली मद्रास सरकारने देशी वैद्यकाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे चिटणीस कॅप्टन जी. श्रीनिवासमूर्ती हे आधुनिक वैद्यकात शिकलेले, परंतु भारतीय वैद्यकाविषयी आदर बाळगणारे गृहस्थ होते. देशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी मद्रासला सरकारी विद्यालय निघाले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्यही तेच झाले. चेन्नईतील अरुंबाक्कम येथील आयुर्वेद संशोधन संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

४. मद्रासमधील चाचण्या

१९६० नंतरच्या दशकात मद्रासमध्ये एम. व्ही. आर. अप्पाराव व त्यांचे सहकारी यांनी मंडूकपर्णीचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. १९६७ साली त्यांनी निरोगी प्रौढांवर मंडूकपर्णी व पुनर्नवा ह्या दोन वनस्पतींचे काय परिणाम होतात, ह्याचे सहा महिन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही चाचणी ‘दुहेरी अंध’ पद्धतीची होती. आयुर्वेदीय औषधांना ही कठोर पद्धत लावण्याचे जे आरंभीचे प्रयत्न आपल्या देशात झाले, त्यांपैकी हा एक होय.

त्यानंतर १९७३ साली अप्पाराव, कांचना श्रीनिवासन व कोटेश्वर राव यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांची बौद्धिक वाढ मंदावलेली आहे अशा ३० मुलांवर त्यांनी मंडूकपर्णीचा प्रयोग केला होता. बारा आठवडे औषध दिल्यानंतर मुलांच्या सामान्य बौद्धिक क्षमतेत व वर्तनात लक्षणीय सुधारणा आढळली, असे त्यांनी नोंदविले.

ह्या चाचणीचे महत्त्व जाणण्यासाठी त्या मुलांच्या आईवडिलांच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. आपले मूल बरोबरीच्या मुलांच्या मागे राहते, अक्षरे ओळखत नाही, सांगितलेले विसरते. आणि वैद्यकाजवळ त्यावर कोणतेच खात्रीचे औषध नाही. अशा घरात आशेचा एक किरणसुद्धा फार मोठा वाटतो. परंतु म्हणूनच येथे चूक होऊ देता कामा नये. खोटी आशा दाखविणे हे आशा न दाखविण्यापेक्षा अधिक क्रूर ठरते; आणि खरी आशा केवळ निष्काळजीपणामुळे हातची घालविणे हेही तितकेच क्रूर होय.

५. दुहेरी अंध चाचणी म्हणजे काय?

समजा, एका शिक्षकाने आपल्या वर्गातील २० मुलांची स्मरणचाचणी घेतली, त्यांना तीन महिने वल्लारैचे चूर्ण दिले, आणि पुन्हा चाचणी घेतली. गुण वाढलेले आढळले. मग गुण औषधाने वाढले असे म्हणता येईल काय? नाही, कारण ह्या वाढीची निदान चार अन्य कारणे संभवतात.

पहिले कारण सराव. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण आपोआप वाढतात. दुसरे कारण वय. तीन महिन्यांत मूल मोठे होते व शाळेत काही शिकते. तिसरे कारण अपेक्षा. आपल्याला बुद्धीचे औषध मिळत आहे असे वाटले की मूल अधिक उत्साहाने उत्तरे देते. चौथे कारण स्वतः परीक्षक. औषध कोणाला दिले हे त्याला ठाऊक असेल, तर त्याच्याही नकळत तो त्या मुलांना झुकते माप देतो.

ह्या चारही कारणांवर उपाय एकच. मुलांचे दोन गट करावयाचे. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे हुशार मुले एकाच गटात येण्याचा संभव उरत नाही. एका गटाला औषध द्यावयाचे, व दुसऱ्या गटाला रंगाने व चवीने तशीच परंतु औषध नसलेली गोळी द्यावयाची. दोन्ही गटांचा सराव, वय व अपेक्षा सारखीच राहते. कोणती गोळी कोणाला मिळाली हे मुलांना ठाऊक नसते व परीक्षकालाही ठाऊक नसते. दोन्ही बाजूंचे डोळे बांधलेले असतात, म्हणून ही चाचणी ‘दुहेरी अंध’. शेवटी दोन गटांत जो फरक उरेल, तेवढाच औषधाचा म्हणावयाचा.

इतके करूनही एक शंका उरते. ३० ही संख्या लहान आहे. नाणे दहा वेळा उडविले तर सात वेळा छाप पडणे नवलाचे नाही. हजार वेळा उडवून सातशे वेळा छाप पडली, तर मात्र नाण्यातच काही दोष आहे असे मानावे लागते. त्याचप्रमाणे लहान गटातील फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून एका लहान चाचणीचा निष्कर्ष हा पुढील मोठ्या चाचण्यांचे निमंत्रण असतो. तो अंतिम निर्णय नव्हे.

६. लखनौचे उंदीर

दुसऱ्या ब्राह्मीचा, म्हणजे बाकोपाचा, अभ्यास मुख्यतः लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत झाला. ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात बाकोपातून बॅकोसाइड ही द्रव्ये वेगळी केली. १९८२ साली एच. के. सिंग व बी. एन. धवन यांनी बाकोपाचा अर्क दिलेले उंदीर धोका टाळण्याचा धडा कसा शिकतात, ह्याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्क घेतलेल्या उंदरांचे शिकणे व लक्षात ठेवणे सुधारलेले दिसले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मंडूकपर्णीच्या अर्कावरही उंदरांत प्रयोग झाले व तेथेही अनुकूल निष्कर्ष मिळाले.

प्राण्यांवरील अशा प्रयोगांत अर्क मेंदूमध्ये काय करीत असावा, ह्याचा मागोवा घेता येतो. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य हा स्मरणाशी संबंध असलेला एक निरोप्या आहे. काही अर्कांमुळे ह्या द्रव्याचे विघटन मंदावते. काहींमुळे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या उग्र रूपांना आळा बसतो. परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. उंदराचा धडा एका वाटेचा व एका धोक्याचा असतो. विद्यार्थ्याला इतिहास, गणित व भाषा शिकावयाची असते. शिवाय प्रयोगशाळेत दिलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या मानाने पुष्कळ मोठी असू शकते. म्हणून उंदरांवरील प्रयोग वाट दाखवितात. मुक्कामाला पोचवीत नाहीत.

७. मनुष्यावरील चाचण्यांचा साक्षीपुरावा

बाकोपाच्या अर्काची मनुष्यावरील परीक्षा विशेषतः ऑस्ट्रेलियात झाली. २००१ साली ३८ निरोगी व्यक्तींना एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासले, तेव्हा कोणताही परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी ४६ निरोगी व्यक्तींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिला, तेव्हा शिकण्याचा वेग व स्मरण यांत सुधारणा आढळली. २००२ साली ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ व्यक्तींवर चाचणी झाली. तीत असे दिसले की, नवी माहिती शिकण्याचा वेग वाढला नाही, परंतु शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झाले. २०१२ साली अशा सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. मुक्त स्मरणाच्या, म्हणजे कोणतीही खूण न देता आठवून सांगण्याच्या, १७ कसोट्यांपैकी ९ कसोट्यांत सुधारणा होती. बुद्धीच्या इतर अंगांविषयी मात्र पुरावा तुटपुंजा होता.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. परिणाम असलाच, तर तो आठवड्यांनी दिसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घेतलेल्या चमचाभर औषधाचा काही उपयोग नाही. आणि तो परिणाम माफक आहे. मंदबुद्धीचा विद्वान करणारा नव्हे.

मंडूकपर्णीविषयी, म्हणजे चेन्नईच्या वल्लारैविषयी, चित्र अधिक अस्पष्ट आहे. थायलंडमध्ये २००८ साली २८ निरोगी वृद्धांवर दोन महिने प्रयोग झाला व अधिक मात्रेत स्मरणाच्या काही कसोट्या सुधारल्या. परंतु २०१७ साली ११ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तुलनागटाच्या मानाने बुद्धीच्या कोणत्याही अंगात निश्चित सुधारणा ठरली नाही. सावधपणा वाढणे व राग कमी होणे असे मनःस्थितीचे फरक मात्र आढळले. १९७३ च्या मद्रासच्या चाचणीने जागविलेली आशा खोटी ठरली असे ह्यावरून म्हणता येत नाही. पण ती सिद्ध झाली, असेही म्हणता येत नाही.

जगात अन्यत्रही असाच अनुभव आहे. गिंको नावाच्या वृक्षाच्या पानांचा अर्क वृद्धांच्या विस्मृतीवर अनेक देशांत विकला जातो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांना तो किंवा निष्क्रिय गोळी सुमारे सहा वर्षे देण्यात आली. २००८ साली निष्कर्ष बाहेर आला. गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नव्हता. उलट बाजूचेही उदाहरण आहे. स्नोड्रॉप नावाच्या लहानशा फुलझाडातून मिळालेले गॅलेंटामीन हे द्रव्य कसोटीला उतरले, आणि अल्झायमर रोगात लक्षणे काही काळ सौम्य करण्यासाठी डॉक्टर ते आज वापरतात. म्हणजे वनस्पती म्हणून नाकारणे चूक, आणि वनस्पती म्हणून स्वीकारणे हेही चूक. परीक्षा हाच मार्ग.

८. वापरापूर्वी विचार

‘झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खरे नाही. बाकोपाच्या चाचण्यांत काही लोकांना मळमळ, पोटात कळा व वारंवार शौचास होणे असे त्रास झाले. मंडूकपर्णी दीर्घकाळ घेतल्यावर यकृताला सूज आल्याची थोडी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शिवाय पाणथळीत वाढणाऱ्या वनस्पती सांडपाण्यातील शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेतात. गटाराच्या कडेने उगवलेली ब्राह्मी ही स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या ब्राह्मीसारखी नसते.

जेवणातील भाजी म्हणून अधूनमधून खाल्लेली वल्लारै ही एक गोष्ट. अर्काच्या गोळ्या महिनोन्महिने घेणे ही दुसरी. मुलांना, गरोदर स्त्रियांना व अन्य औषधे चालू असणाऱ्यांना असा अर्क डॉक्टरांच्या अथवा जाणत्या वैद्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. आणि मूल शिकण्यात मागे पडत असेल, तर प्रथम त्याची दृष्टी, श्रवण व रक्त तपासून घ्यावे. लोहाची कमतरता असलेल्या मुलाचे लक्ष अभ्यासात लागत नाही, आणि ही कमतरता साध्या तपासणीने कळते व उपायाने दूर होते.

९. वर्गात करावयाचा प्रयोग

ह्या प्रयोगात कोणतेही औषध द्यावयाचे नाही.

शिक्षकांनी सोपे १५ शब्द सावकाश वाचून दाखवावेत. मुलांनी आठवतील तितके शब्द कागदावर लिहावेत व संख्या नोंदवावी. आठवड्याने तीच यादी पुन्हा वाचून पुन्हा लिहावयास सांगावे. बहुतेक मुलांची संख्या वाढलेली दिसेल. कोणी काही खाल्ले नाही, तरीही स्मरण ‘सुधारले’! औषधाच्या जाहिरातीत ‘आधी’ व ‘नंतर’ असे दोन आकडे दिसले, की हा प्रयोग आठवावा.

आता वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. सर्वांनी एक लहान उतारा वाचावा. नंतर पहिल्या गटाने तोच उतारा पुन्हा वाचावा. दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढावे. आठवड्याने दोन्ही गटांना उताऱ्यातील मजकूर लिहावयास सांगावे. अमेरिकेत २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर अशाच रीतीने प्रयोग झाला. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. हा फरक कोणत्याही बाटलीत मिळत नाही, आणि त्याला दामही पडत नाही.

१०. समारोप

वल्लारैच्या जुडीपासून आपण निघालो आणि आपल्याच वहीपाशी येऊन पोचलो. मद्रासच्या संशोधकांनी परंपरेला नाकारले नाही, व तिच्यापुढे डोळे मिटून मानही तुकविली नाही. त्यांनी तिला प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून मिळावयाचे आहे. कदाचित ते हा पाठ वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून मिळेल. तोपर्यंत पुरेशी झोप, सकस आहार, आणि पुस्तक मिटून स्वतःला विचारलेले प्रश्न हीच आपली खात्रीची मेध्य रसायने होत.

विचार करा व उत्तरे लिहा

१. मंडूकपर्णी व बाकोपा यांतील तीन फरक सांगा. दोहोंनाही ‘ब्राह्मी’ म्हटल्याने संशोधनात कोणती अडचण येते?

२. दुहेरी अंध चाचणीत परीक्षकालाही अज्ञानात का ठेवावे लागते?

३. ‘आमच्या औषधाने शंभर मुलांचे गुण वाढले’ अशी जाहिरात वाचल्यावर तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?

४. तुमच्या परिसरात ब्राह्मी ह्या नावाने विकली जाणारी वनस्पती पाहा. पाने, खोड व फुले यांवरून ती दोहोंपैकी कोणती आहे, हे ठरवा व तिचे चित्र काढा.